हे तुमचं, खाली पडलेलं

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी खालच्या काकू जिना चढून वर आल्या. जिना अठराच पायऱ्यांचा, पण काकूंचे गुडघे बघता तो गड चढण्यासारखाच. मी दार उघडलं तेव्हा त्या एका हाताने कठडा धरून दम घेत होत्या आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला वाटलं कुरडया. सकाळपासून त्यांच्या अंगणात जुन्या साडीवर कुरडया वाळत होत्या आणि पहिल्या घाण्यातल्या चार-सहा दरवर्षी आमच्याकडे येतातच. मी हात पुढे केला. पुडकं भलतंच जड लागलं. "हे तुमचं खाली पडलं होतं," काकू म्हणाल्या. आईची चौकशी केली, पाणी नको म्हणाल्या, आणि एकेक पायरी चाचपत खाली गेल्या.

पुडक्यात गिलाव्याचा ढलपा होता. तळहाताएवढा, कडा कच्च्या, एका बाजूला विटेची लाल पूड चिकटलेली. दुसऱ्या बाजूला रंग. सगळ्यात वर आत्ताचा मळकट बदामी, तुटलेल्या कडेला त्याखाली आकाशी, त्याखाली गुलाबी आणि अगदी तळाशी हळदीसारखा पिवळा. हा ढलपा आमच्याच भिंतीचा होता आणि त्या दिवशी दुपारी मीच तो पाडला होता. पडला हे मला माहीतही नव्हतं.

झालं होतं ते असं. घरात फायबरचं इंटरनेट घ्यायचं ठरलं. माझं निम्मं काम आता घरूनच चालतं आणि मोबाइलच्या नेटवर मीटिंगमध्ये माझं तोंड उघडं राहून गोठायचं. वायर ओढायला एक मुलगा आला, कळव्याचा, तरतरीत. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून त्याने वायर आमच्या गच्चीत आणली, तिथून खाली सोडली, आणि मग हॉलमध्ये येऊन भिंतीवर टकटक करत म्हणाला, "मॅडम, ही नऊ इंची आहे. माझा ड्रिलचा बिट सहा इंची." आमची इमारत साठी उलटलेली, नौपाड्यातल्या त्या काळच्या बऱ्याच इमारतींसारखी विटांच्या भिंतींवर उभी. नऊ इंच वीट, आतून अर्धा इंच गिलावा, बाहेरून पाऊण इंच. सगळं मिळून जवळजवळ सव्वादहा इंच. मुलाने दोन पर्याय दिले. वायर खिडकीतून घ्यायची, नाहीतर उद्या लांब बिट घेऊन येतो. खिडकीतून वायर म्हणजे खिडकी कायमची बोटभर उघडी आणि ठाण्याचे डास घरचेच. आणि 'उद्या' या शब्दाचा ठाण्यात काय अर्थ होतो हे मला चांगलं ठाऊक आहे. मी त्याला चहा दिला, बसवलं आणि मागच्या गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडून हॅमर मशीन आणि दीड फुटी, बारा एमएमचा बिट दिवसाच्या भाड्याने घेऊन आले.

हे सांगताना थोडी फुशारकी आहे, ती असू दे. अण्णा, म्हणजे माझे वडील, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर होते. घरात हत्यारांना आम्ही कधी घाबरलो नाही. त्यामुळे मुलगा "मॅडम, मी मारतो ना" म्हणत असताना मी डोळ्यांवर चष्मा चढवून, ओढणी कमरेला खोचून मशीन हातात घेतलं. तो शहाणा होता. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक, बाहेरच्या अंगाला उतार ठेवा, पाणी वायर धरून चालत आत येतं. दुसरी, बिटवर नऊ इंचांवर टेप लावा म्हणजे कुठे पोचलात ते कळेल. पहिली मी ऐकली.

भिंतीत शिरताना बिट आपल्याला सांगत असतो, आत काय आहे ते. आधी राखाडी भुकटी आली, पिठासारखी. मग एकदम लाल, आणि त्याबरोबर माठ फुटल्यावर येतो तसा वास. मशीनचा आवाज बदलला, जरा घुमा झाला. लाल धूळ आईच्या पलंगावर, देव्हाऱ्यावर, मुलाच्या चहाच्या कपात. मी मनात हिशोब करत होते: नऊ इंची भिंतीत विटांच्या दोन रांगा असतात, मध्ये सिमेंटचा सांधा. म्हणजे लाल, मग थोडं राखाडी, मग पुन्हा लाल, आणि शेवटी बाहेरचा गिलावा. लाल येत राहिलं, येत राहिलं, मग राखाडी आलं. हा मधला सांधा, मी म्हटलं, अजून निम्मी भिंत आहे. आणि अंगाचा सगळा भार मशीनवर टाकला. तो मधला सांधा नव्हता. भिंतीला बांधून धरायला गवंडी काही विटा आरपार आडव्या घालतात, नेमकी तशी एक वीट माझ्या वाट्याला आली होती आणि मी थेट शेवटच्या पाऊण इंचावर पोचले होते. तिथे खरं तर हॅमर बंद करून नुसतं फिरवत, हलक्या हाताने जायचं असतं. कारण त्या शेवटच्या पापुद्र्याच्या पाठीशी काहीच नसतं. ठोका बसला की तो भुगा व्हायच्या ऐवजी सगळाच्या सगळा बाहेर उडतो. मशीन एकदम हलकं झालं, मी जवळजवळ भिंतीवर आपटले, आणि बाहेर काहीतरी पडल्याचा बारीक आवाज आला. की आला नाही? आला असेल. मी ऐकला नाही.

कारण बिट काढल्यावर भोकातून उजेड आला.

चाळीसहून अधिक वर्षं ज्या भिंतीला टेकून मी अभ्यास केला, आजारपणं काढली, तिच्यातून दुपारच्या उजेडाची बारीक कांडी आत आली आणि उडणाऱ्या लाल धुळीत दिसायला लागली. मी तळहात धरला, त्यावर नाण्याएवढा ठिपका. कान लावला तर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, रिक्षा, एक कोकीळ, सगळं नळीतून यावं तसं. आतल्या बाजूचं भोक सुबक, गोल, कंपासने काढल्यासारखं. मुलगाही म्हणाला, "एक नंबर, मॅडम." मग त्याने वायर ओवली. टोकाचा हिरवा कनेक्टर आत आल्यावर लावला, म्हणजे भोक लहान पुरतं. बाहेर वायरीला झोळ सोडला, पाण्याचे थेंब तिथून खाली गळावेत म्हणून. काचेची तार आहे, काटकोनात वाकवू नका, टोकात डोळा लावू नका, आतला उजेड दिसत नाही पण असतो, असं बजावलं. तपासायला म्हणून दुसऱ्या टोकाकडून लाल उजेडाचं पेन लावलं, तेव्हा वायरीच्या टोकाला कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका पेटला. आईने पलंगावरून हात जोडले. भोकात सिलिकॉन भरलं, मी पलंग झटकला, मशीन परत केलं. सहा वाजता काकू आल्या.

रात्रभर तो ढलपा डायनिंग टेबलावर होता आणि माझ्या डोक्यातून 'हे तुमचं' जाईना. नौपाड्यात वाढलेल्या माणसाला टोमणा ओळखता येतो. आमच्याकडे तो फार आदबीने मारतात. 'तुमच्यामुळे माझ्या कुरडयांत रेती गेली' असं कोणी म्हणत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून आणून देतात. आणि काकूंनी कुरडयांबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. कुरडया त्या वर्षी आल्याही नाहीत. मी आईला म्हटलं, "किती लागेल असं बोलल्या." आई म्हणाली, "काय बोलल्या? तुमचं पडलं होतं, आणून दिलं. त्या नेहमीच आणून देतात."

हे खरं होतं. तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाच्या नशिबी वरच्यांचं जे जे पडतं ते येतं. आमचे कपड्यांचे चिमटे, अण्णांचे रुमाल, भावाचे असंख्य चेंडू, एकदा माझं विज्ञानाचं पुस्तक (ते पडलं नव्हतं, मी फेकलं होतं), एकदा आईची सांडशी, ती कशी पडली हे अजून कोडंच आहे. आजोबा गेले त्या वर्षी त्यांची कवळी. सगळं काकूंनी उचललं, पुसलं, आणि दर वेळी तेच तीन शब्द: हे तुमचं पडलं. चिमटे तर त्या महिनाभराचे साठवून एका डब्यात आणायच्या. आमच्याकडून खाली फक्त वस्तू गेल्या. आम्ही कधी त्या वस्तूंच्या मागोमाग खाली जाऊन, वर मान करून बघितलं असेल असं मला आठवेना.

माझी ताई घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहते. तिच्याकडे भिंती विटांच्या नाहीतच, साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या आहेत. पडद्याचा एक दांडा लावायचा तर तिच्या सुताराचे दोन बिट जळाले आणि तिसरा सळईवर जाऊन बसला, ठिणग्या उडाल्या. दोन ते चार ड्रिल बंद, रविवारी बंद, आधी अर्ज. पण मुळात बाहेरच्या भिंतीला भोक पाडायची वेळच तिथे येत नाही. वायरींसाठी प्रत्येक मजल्यावर वेगळा डक्ट आहे, कुलूप लावलेला, त्यातून सगळं गुपचूप घरात येतं. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. आमच्या जिन्यात वायरींची जी जळमटं लोंबतात ती दाखवायची मला लाज वाटते. पण ताईच्या बाल्कनीतून एकदा तिच्या नातवाचा मोजा पडला, तर तो कुठे गेला, कोणाला मिळाला, काही कळलं नाही. ग्रुपवर फोटो टाकला. चार जणांनी अंगठे दाखवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले. माफी मागायला म्हणून गेले होते, पण काकू मागच्या मोरीपाशी भांडी विसळत होत्या आणि त्यांनी मला तिथेच बोलावलं. मी वर बघितलं. आणि मला आमचं घर ओळखूच येईना.

म्हणजे खिडकी ओळखली, गज ओळखले, बाहेर वाळणारा पंचा ओळखला. पण ती भिंत मी कधी पाहिली नव्हती. माझ्या लेखी भिंत म्हणजे आतून दिसणारी ती, कॅलेंडर टांगलेली, दर दिवाळीला पुसलेली. तिची दुसरी बाजू इथे होती. काळपट, शेवाळलेली, पिंपळाचं एक रोप खिडकीखाली तरारून आलेलं. माझं कालचं भोक आतून इतकं सुबक होतं. बाहेर त्याच्याभोवती जेवणाच्या ताटाएवढा गिलावा उडाला होता आणि उघड्या विटा लाल दिसत होत्या, गुडघा फुटल्यासारख्या. आणि ते एकटं नव्हतं. बाजूला आणखी चार भोकं होती, प्रत्येकाखाली एकेक काळा ओघळ थेट काकूंच्या खिडकीपर्यंत आलेला.

"तो पहिला टीव्हीचा," काकू हातातल्या पातेल्याने दाखवत म्हणाल्या. "अँटेनाची चपटी पट्टी यायची बघ. तो तुमच्या फोनचा. तो केबलचा. तो छत्रीचा." त्यांना सगळ्यांची सालं माहीत होती. 1984 ला आमच्याकडे टीव्ही आला आणि अँटेनाचं तोंड वरळीकडे करायला अण्णा गच्चीवर आणि मी खिडकीत 'आलं, गेलं, आलं' ओरडत होते, ते आवाज काकूंनी खालून ऐकले होते. फोनसाठी नंबर लावून आम्ही सात वर्षं वाट बघितली, आणि आला तेव्हा त्याच्यावर पहिली वाईट बातमी आली ती काकूंच्या भावाची. मी त्यांना बोलवायला धावत खाली गेले होते. ते माझ्या लक्षात होतं. त्या वायरीचं भोक रोज भांडी घासताना त्यांच्या डोळ्यांसमोर असतं, हे लक्षात यायचं काही कारण नव्हतं.

"आणि पिवळा?" मी विचारलं. "तो ढलप्यातला?"

"तू जन्मायच्या आधीचा. नवी इमारत अशीच होती. पिवळीधमक."

मी कुरडयांचं विचारलं. त्या म्हणाल्या, थोड्या टाकल्या, थोड्या निवडून घेतल्या. मग पातेलं पालथं घालत म्हणाल्या, "चादर धरायची होती ना."

कसली चादर? मला काही कळेना. त्यांनी सांगितलं तेव्हा हळूहळू आठवलं, म्हणजे आठवलं की त्यांनी सांगितल्यामुळे दिसलं, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. टीव्हीचं भोक अण्णांनी हाताने पाडलं होतं. चार धारांचा पोलादी दांडा, एक ठोका, एक पीळ, एक ठोका, एक पीळ, अख्खा रविवार. संध्याकाळी भिंत पलीकडून पोकळ वाजायला लागली तेव्हा ते थांबले आणि मला खाली पाठवलं. मी आणि काकू, आम्ही दोघींनी जुन्या सोलापुरी चादरीची चार टोकं धरली आणि वर बघत उभ्या राहिलो. अण्णा वरून ओरडले, "धरली का?" मग ठोका. चादरीत मूठभर रेती आणि दोन खडे पडले. काकूंनी ते तुळशीपाशी ओतले. बस, एवढंच. मी बारा वर्षांची होते. मशीन हातात घेण्याची ऐट मी अण्णांकडून घेतली आणि चादर विसरले.

सेक्रेटरींना मी त्याच आठवड्यात विचारलं, बाहेरचा गिलावा सोसायटीतर्फे करता येईल का. ते हसले. इमारत पुनर्विकासाला चालली आहे, कागद फिरताहेत, बिल्डरबरोबर बैठका चालू आहेत. "पाडायचीच आहे हो, कशाला जीव जाळताय?" त्यांचं चुकीचं नव्हतं. नौपाड्यात दर गल्लीत एक इमारत हिरव्या कापडात गुंडाळलेली आहे. दोन गवंड्यांना विचारलं. एवढ्याशा कामाला त्यांना वेळ नव्हता. ताई म्हणाली, नव्या इमारतीत तुला डक्ट मिळेल. मीही मग सोडून दिलं. ढलपा मात्र टाकवेना, कुंडीशेजारी ठेवला.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मी रात्री उठून भिंतीवर हात फिरवला. कोरडी. भोकाभोवती, खाली, कोपऱ्यात, सगळीकडे कोरडी ठणठणीत. उतार बरोबर पडला होता. मी खूश होऊन झोपले. नेट सुसाट चालत होतं.

जुलैच्या मध्यावर काकूंना ताप आला म्हणून मऊ भात घेऊन खाली गेले. त्या पलंगावर होत्या. त्यांच्या डोक्यावर, भिंत छताला मिळते तिथे, ओल आली होती. ताटाएवढी नव्हे, चांगली परातीएवढी, मध्ये रंगाचे पोपडे आणि कडेने पिवळट रेघ. उघड्या विटांनी पाणी प्यायलं होतं आणि ते भिंतीच्या पोटातून खाली उतरलं होतं. आमच्याकडे एक थेंब नाही. "कधीपासून?" मी विचारलं. "असू दे गं," काकू म्हणाल्या, "पावसाळ्यात यायचंच." हे काही त्या पुडीत गुंडाळून वर आणून देऊ शकत नव्हत्या.

चार दिवसांनी उघडीप मिळाली. समोरच्या मंडळाचे बांबू येऊन पडले होते, त्यांची शिडी मागून घेतली. वॉचमनने खाली पाय रोवून ती धरली. मला उंचीची भीती वाटते, हे मी आधी सांगितलं नाही, कारण मशीनच्या फुशारकीत ते बसत नव्हतं. एका बादलीत सिमेंट, चाळलेली रेती, वॉटरप्रूफिंगचं औषध. कमरेला अण्णांची थापी. चढले. सैल झालेल्या कडा छिन्नीने झाडल्या, पिंपळाचं रोप मुळासकट ओढलं, विटांवर पाणी मारलं. आमच्या घराच्या भिंतीला बाहेरून हात लावत होते. गार होती आणि बुळबुळीत, पावसात भिजलेल्या म्हशीच्या पाठीसारखी. वर खिडकीत आई गज धरून उभी होती. इतक्या जवळून मला भिंत दिसतच नव्हती, फक्त समोरची वीतभर जागा. मी थापीवर माल घेतला आणि अंदाजाने फेकला.

"तिथे नाही गं," खालून काकूंचा आवाज आला. ताप उतरलेला, शाल घेऊन, छत्रीला टेकून त्या मोरीपाशी येऊन उभ्या होत्या. दुसऱ्या हातात जुनी चादर होती, तिचं एक टोक त्यांनी वॉचमनला धरायला दिलं होतं. "तिथे जुनंच आहे. जरा डावीकडे. अजून. हां, तिथे."